दोन्ही हातांचं रक्त

साळवेबाई प्लेटचा वास घ्यायच्या. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या कामातलं कुणी हे वाचत असेल तर त्याच्या कपाळाला आठ्या पडणार, आणि त्या पडायलाच हव्यात. जंतू वाढवलेल्या प्लेटचं झाकण उघडून नाक जवळ न्यायचं नाही, हे आम्हाला पहिल्या दिवशी शिकवतात. मला ते बाईंनीच शिकवलं. "मी करते ते करू नकोस, मी सांगते ते कर," म्हणाल्या, आणि लगेच पाठ फिरवून त्यांनी झाकण तिरकं केलं, एक बारीकसा श्वास घेतला आणि म्हणाल्या, "नेहमीचाच आहे. लिही."

डाळ लागली की आपल्याला बाहेरच्या खोलीत कळतं ना, तसं त्यांना कळायचं. मग मशीन आलं, मशीनला नाक नसतं, आणि बाईंचं हे वास घेणं म्हणजे जुन्या माणसाची खोड असं आम्ही ठरवून टाकलं. आम्ही म्हणजे मी. उगाच दुसऱ्यांना कशाला ओढू.

आमची लॅब कल्याणात, बाजारपेठेच्या मागच्या गल्लीत, भांड्यांच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर. खाली दिवसभर पातेल्यांवर नावं कोरायचं मशीन घरघरत असतं. मी डोंबिवलीहून नव्यानं आलेले तेव्हा मला वाटलेलं, हा आवाज ऐकत आपलं डोकं फुटणार. "आठ दिवस थांब," बाई म्हणाल्या, "मग बंद पडलं की डोकं दुखेल." तसंच झालं.

बाईंचं नाव रत्नमाला, पण ते फक्त पगाराच्या कागदावर. बुटक्या, काटक, सुती साडीवर पांढरा कोट आणि पायात रबरी चप्पल. मागच्या कल्चरच्या खोलीचं राज्य त्यांचं. त्यांच्या कपाटाच्या दाराला आतून बुद्धाचं एक छोटं चित्र चिकटवलेलं होतं आणि त्याच्याखाली शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा. आमच्या मोठ्या डॉक्टरांची, म्हणजे लॅबच्या मालकांची, सुद्धा त्या खोलीत बाहेरची चप्पल घालून शिरायची टाप नव्हती.

हात मात्र बघवत नसत त्यांचे. सारखे धुऊन धुऊन पेरांना भेगा पडलेल्या, थंडीत तर त्यातून रक्त यायचं. मी म्हणायचे, बाई जरा कमी धुवा. त्या म्हणायच्या, "घरी दिवा गावात एक दिवसाआड पाणी, तेही ड्रममध्ये मोजून. इथे नळ आहे तर धुऊ दे की मला पोटभर." आणि भेगांना व्हॅसलिन चोपडून वर हातमोजे चढवायच्या. "चांगले नसतील, पण स्वच्छ आहेत," हे वर.

आता थोडं कामाचं सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. माणसाला ताप हटत नसला की डॉक्टर रक्ताचं कल्चर सांगतात. आम्ही रक्त काढून एका बाटलीत घालतो, त्या बाटलीत जंतूंचं खाणं असतं. बाटली मशीनमध्ये ठेवायची. रक्तात जंतू असले तर ते वाढतात आणि मशीन वाजतं. मग ते प्लेटवर पसरायचे आणि कोण आहे ते ओळखायचं. गोम एकच. आपल्या सगळ्यांच्या कातडीवर पांढरा स्टॅफ नावाच्या जंतूची वस्ती असते. तुमच्या, माझ्या, लहान बाळाच्याही. सुई कातडीतून आत जाते, तेव्हा त्यातला एखादा बरोबर बाटलीत जातो आणि वाढतो. रक्तात नसतोच तो, कातडीवरचा असतो. म्हणून बाटलीत पांढरा स्टॅफ निघाला की जगातली निम्मी माणसं खांदे उडवून लिहितात, कातडीवरचा आहे, सोडून द्या. बहुतेक वेळा ते बरोबरही असतं. आणि तिथेच घात होतो.

"कातडीवरचा म्हणजे काय बिनविषारी?" बाई म्हणायच्या. "चोर बहुतेक वेळा ओळखीचाच निघतो."

म्हणून त्यांचे तीन नियम होते आणि ते आम्हाला पाढ्यांसारखे पाठ होते. पहिला, रक्त दोन्ही हातांचं घ्यायचं, दोन वेगळ्या बाटल्यांत. दोन्हीत एकच जंतू आला तर तो रक्तातला, एकीतच आला तर शंका. दुसरा, कातडीला औषध लावल्यावर तीस मोजायचे आणि मगच सुई. "लावलं म्हणजे मेलं असं नसतं. सुकलं म्हणजे मेलं." आणि मोजायचे ते मोठ्यानं! पेशंटचे नातेवाईक बघत राहायचे. एकदा एका माणसानं चिडून विचारलं, "मॅडम, आता परत दुसऱ्या हाताला सुई कशाला? रक्त काय वेगळं आहे का त्या हातात?" बाई शांतपणे म्हणाल्या, "एका हातानं टाळी वाजत नाही, दादा. एका साक्षीवर मी कुणाला चोर ठरवत नाही आणि सोडतही नाही. मोजा माझ्याबरोबर. एक, दोन…" आणि तो बाप्या खरंच मोजायला लागला.

तिसरा नियम प्लेटचा. कुठलीही प्लेट सात दिवस टाकायची नाही. झाकणावर नाव, कुठल्या हाताची ते, आणि खाली टाकायचा वार. "जंतूला बोलायला वेळ लागतो. तुम्हाला घाई, त्याला नाही." या नियमापायी आमचा फ्रीज कायम तुंबलेला. मोठे डॉक्टर कुरकुरायचे. मी तर सरळ म्हणायचे, "बाई, तुमच्या प्लेटा आणि माझ्या आईची लोणच्याची बरणी, दोघींनाही मरण नाही." बाई हसायच्या आणि वार लिहायच्या.

या नियमाचा गुण मी डोळ्यांनी पाहिलाय, म्हणजे मला पुढे काही सबबही उरली नाही.

ठाण्याजवळच्या कोलशेतचे भोईरबाबा. एकेकाळी मिठागरात राबलेले, आता जमिनीवर टॉवर उभे राहिलेले, पण अंगात बनियन आणि कमरेला रुमालच. कल्याणला लेकीकडे आलेले असताना ताप भरला. तीन आठवडे झाले, मलेरिया म्हणून झालं, टायफॉइड म्हणून झालं. शेवटी रक्त आमच्याकडे आलं, पण त्यांच्या डॉक्टरांनी पाठवलेली बाटली एकच. तीत पांढरा स्टॅफ. मी रिपोर्ट टाइप करायला घेतला, कातडीवरचा. बाईंनी प्लेट ठेवून दिली. दुसऱ्या दिवशी बघितली, तिसऱ्या दिवशी बघितली, मग झाकण तिरकं केलं आणि नाक मागे घेतलं.

"वाळलेल्या गवताचा वास येतोय," म्हणाल्या. "गोडसर."

मग त्यांनी काचेवर तो जंतू घेतला आणि वर प्लाझ्माचा एक थेंब. स्टॅफमधला जो मोठा, बदनाम भाऊ आहे, तो असला की फाटलेल्या दुधासारखे दाणे धरतात. दाणे धरले. मी म्हटलं, म्हणजे मोठाच भाऊ! तर बाई म्हणाल्या, थांब. तेच नळीत लावलं, चार तास ठेवलं. मोठा भाऊ असता तर नळीतलं घट्ट झालं असतं. नळी तशीच पाण्यासारखी.

"काचेवर धरतो, नळीत धरत नाही," बाई हळूच म्हणाल्या. "हा तो आहे."

ठाण्याच्या एका मोठ्या लॅबला नमुना पाठवला, त्यांनी नाव कळवलं, लुगडुनेन्सिस. नाव ऐकून आम्ही सगळ्या मुली लुगडं आठवून खो खो हसलो. बाई हसल्या नाहीत. "हसा," म्हणाल्या. "राहतो पांढऱ्या गरिबांच्या वस्तीत, पण करणी मोठ्या भावाची. हृदयात बसला की झडप खातो. सावकाश नाही खात."

त्यांनी भोईरबाबांच्या डॉक्टरांना फोन लावला. पलीकडून काय आलं ते मला उभ्या जागी ऐकू आलं, "तुम्ही टेक्निशियन आहात, रिपोर्ट द्या, सल्ला नको." बाईंनी फोन ठेवला, एक लाडू खाल्ला, आणि रविवारी सुट्टीच्या दिवशी दोन बाटल्या पिशवीत घालून ठाण्यापर्यंत लोकलनं आणि पुढे रिक्षानं कोलशेत गाठलं. मीही गेलेले. बाबा तोवर आपल्या घरी परतले होते आणि ओसरीवर गोधडी घेऊन पडलेले.

"अगो बाय, कवरा रगत कारशील?" बाबा म्हणाले.

"दोन्ही हातांचं, बाबा. मोजा माझ्याबरोबर."

दोन्ही बाटल्या वाजल्या. मग तेच डॉक्टर धावले, हृदयाची सोनोग्राफी झाली, झडपेवर गाठ दिसली आणि बाबा वाचले. तेव्हापासून दर वर्षी त्यांच्याकडून बाईंना जाड्या मिठाचं एक पोतं यायचं, कुठून मिळवायचे कोण जाणे. बाई पुड्या बांधून आम्हा सगळ्यांना वाटायच्या. माझ्या घरी अजून आहे. आई त्यात कैऱ्या घालते.

त्या दिवशी कोलशेतहून परत येताना स्टेशनच्या जिन्यावर बाई मध्येच थांबल्या, कठडा धरून. मी दोन पायऱ्या वर. म्हटलं, बाई, दमलात? म्हणाल्या, "लहानपणी माझे सांधे सुजलेले, तापानं. तेव्हापासून हृदयाची एक झडप जाड झालीय. जुन्या खिडकीसारखी, पूर्ण लागत नाही. म्हणून थांबते. कुणाला सांगू नकोस, मोठे डॉक्टर मला खुर्चीत बसवून ठेवतील." मी नाही सांगितलं कुणाला. इतकं छान गुपित ठेवलं की स्वतःच विसरले.

आणखी एक. आमच्या लॅबमध्ये रीत होती, अजूनही पुष्कळ लॅबमध्ये असेल. स्टाफचं कुणी आजारी पडलं, किंवा त्यांच्या घरचं, तर तपासणी अशीच करून टाकायची. फॉर्म नाही, रजिस्टर नाही. बाटलीवर नुसतं "स्टाफ" लिहायचं आणि निकाल फोनवर सांगायचा. घरचंच आहे, कशाला लिखापढी. बाईंना हे बिलकूल खपायचं नाही. "का गं, स्टाफचं रक्त लाल नसतं?" म्हणायच्या. "फॉर्म भरला की चार प्रश्न विचारावे लागतात. प्रश्न विचारले की उत्तरं येतात. भीड भिकेची बहीण, लक्षात ठेवा." आम्ही हो हो करायचो आणि बाईंची पाठ वळली की बाटलीवर "स्टाफ" लिहायचो.

बाईंच्या निवृत्तीला सहा महिने राहिलेले. थंडीचे दिवस. बाई तीन दिवस आल्या नाहीत, जे माझ्या सगळ्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. फोन केला तर त्यांची मुलगी प्रज्ञा म्हणाली, "ताप आहे गं स्मिताताई, उतरतो आणि परत चढतो. आई म्हणते रक्त काढायला सांग, तोवर अँटिबायोटिक घेणार नाही." तेही बाईंचंच. प्लेट बोलल्याशिवाय औषध नाही.

मंगळवारी सकाळी कामावर यायच्या आधी मी उलट्या दिशेनं दिव्याला गेले. पिशवीत बाटली एकच होती. पॅकेटमधली शेवटची उरलेली उचललेली, दुसरी कपाटातून काढायची म्हणजे नवं पॅकेट फोडायचं, आणि स्टाफच्या कामाला नवं पॅकेट फोडायचं नाही ही पण एक रीतच. चौथ्या मजल्यावरचं घर, दारात पाण्याचे दोन निळे ड्रम. बाई कॉटवर बसलेल्या, शाल गुंडाळून. मला बघून इतक्या खूश झाल्या की मलाच कसंतरी झालं.

"एवढ्या लांब आलीस गं."

मी त्यांच्या हाताला औषध लावलं. उशीर होत होता. मोजायला लागले, पण दहापर्यंत आले आणि सुई घातली. बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी बाटली भरली, पट्टी लावली.

"दुसरा हात?" त्या म्हणाल्या.

"बाई, व्हायरलच असणार. माझ्या बिल्डिंगमध्ये घरटी एक आहे. तुम्हाला कशाला परत टोचायचं?"

ज्या बाईंनी मोठ्या डॉक्टरांना दारात उभं केलं, परक्या बाप्याला तीस मोजायला लावले, त्या बाई गप्प बसल्या. पोरगी आपल्या पायांनी आलीय, तिला काय बोलायचं. भीड! जिला त्या भिकेची बहीण म्हणायच्या तीच त्या सकाळी त्यांच्या कॉटवर येऊन बसली, आणि तिला घेऊन गेलेले मीच.

बुधवारी सकाळी आले तर मशीनवर लाल दिवा. कागदावर वेळ, सतरा तास. आमच्यात हे लहान पोरालाही कळतं, कातडीवरचा जंतू उशिरा, आळसावून वाढतो. सतरा तासांत वाजलेल्या बाटलीकडे मान वर करून बघायचं असतं. मी बघितलं नाही. गुरुवारी प्लेटवर पांढरे ठिपके आले आणि मी घाबरले. पण बाईंसाठी नाही. माझ्यासाठी. मला वाटलं, दहाच मोजले, त्याचं हे फळ. माझा गलथानपणा प्लेटवर उगवलाय. सोमवारी बाई कामावर येतील, फ्रीज उघडतील, स्वतःच्या नावाची प्लेट बघतील आणि म्हणतील, किती मोजलेस गं?

मी प्लेट टाकली. तिसऱ्या दिवसाचीही वाट न बघता, जंतूंच्या कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत. रजिस्टरमध्ये नोंद नव्हतीच, स्टाफची बाटली. कुठे काही उरलं नाही.

संध्याकाळी बाईंना फोन केला. "स्किनचं आहे, बाई. काही नाही."

"किती तासांत वाजली?"

"लक्षात नाही."

मग, "प्लेट ठेवलीयस ना? वार लिहिलास?"

"हो," मी म्हणाले.

तो "हो" मी किती वेळा परत ऐकलाय ते माझं मला माहीत.

सोमवारी दुपारी जिन्यावर चपलेचा आवाज आला. एक पायरी, थांबणं, एक पायरी, थांबणं. खाली भांड्यांवरचं मशीन बंद पडलेलं होतं, म्हणून ऐकू आला असेल. प्रज्ञानं बाईंना धरलेलं. तोंड पांढरंफटक, ओठ सुकलेले. सरळ मागच्या खोलीत आल्या, स्टुलावर बसल्या.

"बुधवारी टाकशील," म्हणाल्या, "त्याआधी एकदा बघावी म्हणून आले. काढ माझी प्लेट."

मी फ्रीजचं दार उघडलं. कशाला उघडलं? काय होतं आत? दार धरून उभी राहिले आणि मला रडू फुटलं. सगळं सांगितलं. दहा मोजलेले, सतरा तास, पिवळी पिशवी, सगळं.

बाई ओरडतील असं मला वाटलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी हातमोजा काढल्यासारखा हात माझ्यासमोर धरला, नखं वर करून. नखांच्या खाली बारीक काळपट रेघा होत्या, कुसळं घुसल्यासारख्या. बोटांच्या टोकांना लाल ठिपके. पुस्तकात चित्र असतं त्याचं. हृदयाच्या झडपेवरून तुकडे सुटून बोटांपर्यंत गेले की असं दिसतं.

"परवापासून आहेत," बाई म्हणाल्या. "मी म्हटलं, स्मिता म्हणाली स्किनचं आहे, म्हणजे भेगांचंच काहीतरी असेल."

मग म्हणाल्या, "आधी रजिस्टर आण. पहिली बाटली लिही. खरं लिही."

मी लिहिलं. साळवे रत्नमाला, एक बाटली, एक हात, सतरा तास. प्लेट टाकली. खाली सही केली.

"आता दोन नव्या बाटल्या. पॅकेट फोड."

त्यांनी दोन्ही बाह्या वर केल्या. मी औषध लावलं आणि मोजायला लागले, आणि बाई माझ्याबरोबर मोजत होत्या, दर पाचाला दम घेऊन. डावा हात, तीस. उजवा हात, तीस. मग त्यांनी दोन कोऱ्या प्लेटा मागवल्या आणि झाकणांवर स्वतःच्या हातानं लिहिलं. साळवे र., डावा. साळवे र., उजवा. अक्षर वाकडं गेलं म्हणून एका झाकणावरचं पुसून परत लिहिलं. "उद्या वाजेल. उद्यापासून सात धर," म्हणाल्या आणि खाली पुढच्या आठवड्याचा टाकायचा वार लिहिला, मंगळवार.

मोठे डॉक्टर स्वतः गाडीतून त्यांना ठाण्याच्या एका हृदयाच्या हॉस्पिटलात घेऊन गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर दोन लाल दिवे होते. एक नाही, दोन.

बुधवारी काचेवर थेंब टाकला आणि बघता बघता दाणे धरले. नळी लावली आणि चार तास तिच्यासमोर बसून राहिले. मनात एकच, घट्ट हो, निदान तू तरी घट्ट हो, मोठा भाऊच निघ. नळी तिरकी केली. पाणी.

मग मी झाकण उचललं. आयुष्यात एकदाच. वाळलेल्या गवताचा वास, गोडसर. कुणीतरी दूर कुठे पेंढा रचून ठेवावा तसा.

त्याच संध्याकाळी ठाण्याला गेले. बाई टेकून बसवलेल्या, नाकाला नळी, हाताला सलाईन. औषध सुरू झालेलं, पण झडप फाटत चाललेली, दुसऱ्या दिवशी ऑपरेशन ठरलेलं. प्रज्ञा औषधं आणायला खाली गेलेली. आम्ही दोघीच.

"काच?" बाईंनी विचारलं.

"धरली."

"नळी?"

"नाही धरली."

त्यांनी डोळे मिटले. मग उघडून म्हणाल्या, "वास?"

मी म्हणाले, "गवताचा."

"तुला सांगितलेलं ना, वास घ्यायचा नाही म्हणून!" आणि एवढ्या दमातही चिडल्या माझ्यावर, खऱ्याखुऱ्या चिडल्या. मला तेवढंच बरं वाटलं.

मी म्हटलं, "बाई, माझ्यामुळे…" मला काय हवं होतं ते मी लपवत नाही. मला हवं होतं त्यांनी म्हणावं, नाही गं, झडप जुनीच होती, भेगा होत्या, कुठूनही शिरला असता, तुझा काय दोष. दुसरं कुणीही म्हणालं असतं. आजाऱ्याला भेटायला आलेल्या माणसाला आपण उलटं धीर देतो ना, तसं.

बाईंनी कधी कुणाला खोटा रिपोर्ट दिला नव्हता.

"झडप माझी जुनीच होती," म्हणाल्या. "पण सहा दिवस माझे होते, स्मिते. ते तू टाकलेस." दम घेतला. "आता दुसऱ्या कुणाचे टाकू नकोस."

तेवढ्यात एक नर्स आली, केरळची असावी, कोवळी पोरगी. औषधाचा गुण येतोय का बघायला पुन्हा कल्चर घ्यायचं होतं. तिनं मला बाहेर जायला सांगितलं. मी दारापर्यंत गेले आणि मागे बघितलं. नर्सनं दंडावर कापूस फिरवला आणि लगेच सुई उचलली. बाईंनी हात मागे घेतला.

"थांब, बाळ. सूखने दे," म्हणाल्या. "गिनो मेरे साथ."

पोरगी गोंधळली. मग हसली आणि मोजायला लागली, तिच्या त्या हिंदीत, आणि बाई तिच्या मागोमाग, अर्धा आकडा बोलून, अर्धा नुसता ओठ हलवून. दार आपोआप हळूहळू मिटत होतं. सतरा, अठरा. फटीतून बाईंचा भेगाळलेला हात दिसत होता, उताणा, चादरीवर. दार लागलं. मी बाहेर उभी राहून उरलेले बारा मोजले.

बाई शनिवारी गेल्या. ऑपरेशन झालं होतं, पण त्यानंतर त्या जाग्या झाल्याच नाहीत.

रविवारी दिव्याला गेले. चौथ्या मजल्यापर्यंत जिन्यावर माणसं. पंचशील म्हणून झालं होतं. भोईरबाबा कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेले, रुमालानं डोळे पुसत, येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "हिनी मना वाचवला." मी प्रज्ञाला बाजूला घेतलं आणि सांगितलं. लॅबमध्ये ती दारापाशी होती, रडण्यात तिला किती कळलं असेल कोण जाणे, म्हणून पहिल्यापासून सांगितलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं.

"मला माहीत होतं," ती म्हणाली. "आई म्हणालेली, तिला स्वतःला सांगू दे." एवढं बोलून ती आत गेली. माझ्याशी ती आजही फार बोलत नाही आणि मी तिला दोष देत नाही.

आता कल्चरची खोली माझ्याकडे आहे. स्टाफच्या बाटलीला फॉर्म लागतो, पूर्ण, आणि चार प्रश्न मी स्वतः विचारते. नव्या मुली माझ्या पाठीमागे काय म्हणत असतील ते मला ठाऊक आहे, मीही तेच म्हणायचे.

त्या आठवड्यात मात्र मी काहीच शहाणपणाचं केलं नाही. सोमवारी फ्रीज इतका तुंबला होता की मोठे डॉक्टर म्हणाले, बाईंच्या प्लेटा काढून टाक, ठाण्याला नमुना गेलाय, नाव आलंय, आता कशाला. मी म्हटलं, उद्या. सोमवारी दिवसभरात दोनतीनदा दार उघडून बघितलं. प्लेटा जागेवर होत्या. बाईंचं अक्षर, आणि झाकणाखाली तो पांढरा, भरगच्च, मजेत.

मंगळवारी संध्याकाळी दोन्ही प्लेटा काढल्या, डावी आणि उजवी, आणि जंतू मारायच्या मोठ्या कुकरमध्ये उकळायला ठेवल्या. एक दिवसही आधी नाही.